चारमिनारच्या परिसरातील बाजारपेठ : खरेदी आणि पारख

प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी काही तरी घेऊन येण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. काशीहून गंगा, पंढरपूरहून बुक्का आणि चुरमुरे आणले जात. त्या वस्तूंची किंमत थोडी असे. मात्र त्या त्याच गावच्या आहेत, याविषयी घेणाऱ्याच्या मनात शंका नसे. आज मोठ्या शहरांच्या बाजारांत हा विश्वास सहजासहजी मिळत नाही. अस्सल वस्तूच्या शेजारीच तिची हुबेहूब नक्कल मांडलेली असते आणि परगावच्या ग्राहकाजवळ वेळ कमी असतो. हैदराबादचा जुना बाजार हे याचे उत्तम उदाहरण होय. कामकाज, विवाहसमारंभ किंवा सहल अशा निमित्तांनी तेथे जाणाऱ्यांना या बाजाराची थोडी पूर्वओळख असल्यास खरेदी समाधानाची होते.

बाजाराची रचना

मुहंमद कुली कुतुबशाहाने १५९१ मध्ये चारमिनार उभारला. त्याच्या चारही बाजूंना जाणाऱ्या रस्त्यांभोवती पेठा वसत गेल्या. पश्चिमेकडील लाड बाजार बांगड्यांसाठी, तर उत्तरेकडील दगडी कमानींची पत्थरगट्टी मोत्यांसाठी आणि कापडासाठी प्रसिद्ध आहे. मुसी नदीच्या पलीकडे बेगम बाजार ही घाऊक पेठ असून कोठी आणि सुलतान बाजार येथे नित्योपयोगी वस्तूंची गर्दी असते. कोठीच्या परिसरात मराठी कुटुंबे आणि मराठी संस्था यांचेही जुने वास्तव्य आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता, त्यामुळे हे नाते स्वाभाविक म्हणावे लागेल.

मोती : समुद्र नसलेल्या शहराचा व्यापार

हैदराबाद समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. असे असूनही ते मोत्यांचे शहर कसे झाले, याचे उत्तर राजाश्रयात आहे. कुतुबशाही आणि पुढे निजामाच्या काळात इराणच्या आखातातील मोती येथे येत. त्यांची प्रतवारी करणे, त्यांना वेज पाडणे आणि ते ओवणे या कामांत येथील कारागीर निष्णात झाले. मोत्याला वेज पाडणे हे जोखमीचे काम असते. हात किंचित चुकला तर मोती तडकतो आणि त्याचे मोल जाते.

मराठी घरांतील जुन्या नथी, तन्मणी आणि चिंचपेट्या यांत जडवलेले ‘बसरा मोती’ याच आखाती व्यापारातून आलेले असत. जपानमधील मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढविण्यात यश मिळविले. पुढे असे संवर्धित मोती विपुल झाले आणि आखातातील नैसर्गिक मोत्यांचा व्यवसाय ओसरला. आज हैदराबादच्या दुकानांत विकले जाणारे बहुतेक मोती गोड्या पाण्यात वाढविलेले असून ते प्रामुख्याने चीनमधून येतात. त्यांना खोटे म्हणणे बरोबर नाही, कारण तेही शिंपल्यातच तयार होतात. मात्र संवर्धित मोत्यासाठी बसरा मोत्याची किंमत मोजणे म्हणजे निव्वळ नुकसान होय.

ग्राहकाने येथे एक भेद लक्षात ठेवावा. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासल्यास खरा मोती किंचित खरखरीत लागतो, तर काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत लागतो. एका सरातील सर्व मणी आकाराने आणि रंगाने तंतोतंत सारखे असूनही किंमत अगदी कमी असेल, तर ते कृत्रिम असण्याची शक्यता अधिक. परंतु दाताच्या या परीक्षेने मोती नैसर्गिक की संवर्धित, हे मुळीच कळत नाही. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी करावी लागते. म्हणून एखादा विक्रेता ‘बसरा मोती’ म्हणून मोठी रक्कम सांगत असेल, तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. ते नसेल तर संवर्धित मोत्याचाच दर द्यावा.

मोती सोन्यात जडवलेला असल्यास सोन्याची शुद्धता स्वतंत्रपणे पाहावी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा विशिष्ट ओळख क्रमांक असणे आवश्यक आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर हा क्रमांक दुकानातच पडताळून पाहता येतो. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, मोत्याविषयी काहीही सांगत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

लाख, बिद्री आणि इकत

लाड बाजारातील लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लाख हा झाडावरील सूक्ष्म कीटकांनी स्रवलेला पदार्थ. तो निखाऱ्यावर मऊ करून त्याची कांडी वळतात, तिला गोलाकार देतात आणि ती गरम असतानाच तिच्यावर खडे बसवितात. काही दुकानांत हे काम ग्राहकासमोर चालते आणि मनगटाच्या मापानुसार बांगडी करूनही मिळते. याच बाजारात काचेच्या आणि धातूच्या बांगड्याही असतात, त्यामुळे लाखेचीच हवी असल्यास तसे स्पष्ट विचारावे. अशा बांगड्या उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत.

बिद्री ही मूळची बीदरची कला. बीदर आज कर्नाटकात असले तरी १९५६ पर्यंत तेही हैदराबाद राज्यात होते. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूच्या वस्तूवर नक्षी कोरून तीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. नंतर बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या द्रावणात ती वस्तू घातली की मिश्रधातू काळा पडतो आणि चांदी शुभ्र राहते. हा काळेपणा रंगाचा नसल्यामुळे ओल्या फडक्याने निघत नाही. रुपेरी रंगाने नुसती रेखाटलेली नक्कल नखाने खरवडताच उघडी पडते.

पोचमपल्लीचे इकत कापड हैदराबादच्या शासकीय हस्तकला व हातमाग विक्रीकेंद्रांत तसेच माधापूरच्या शिल्पारामम् येथे पाहावयास मिळते. आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीचा प्रारंभ १९५१ मध्ये याच गावी झाला. इकतमध्ये विणण्यापूर्वीच सुताला गाठी बांधून ते रंगवितात. साहजिकच नक्षी कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखीच उमटते आणि तिच्या कडा किंचित पसरट दिसतात. कापड उलटून पाहता मागील बाजू फिकट आढळली, तर ते छापील समजावे.

भाव, पावती आणि पैसे

रस्त्यावरील दुकानांत घासाघीस अपेक्षितच असते, शासकीय विक्रीकेंद्रांत मात्र दर ठरलेले असतात. प्रथम अशा केंद्रात दर पाहून मग बाजारात जाणे हा उत्तम मार्ग होय. त्यामुळे वाजवी भावाचा अंदाज येतो आणि ग्राहक फसत नाही. तसाच कारागीरही भरडला जात नाही. गाठी बांधण्यापासून विणण्यापर्यंत एका साडीमागे अनेक दिवसांचे श्रम असतात. छापील कापडाचा भाव दाखवून विणकराकडून तेवढ्यालाच साडी मागणे म्हणजे त्याला हातमाग सोडण्यास भाग पाडणे होय.

‘बिल नको असेल तर आणखी कमी करतो’ हे वाक्य बाजारात हमखास ऐकू येते. वाचणारी रक्कम ही मुख्यत्वे कराची असते. मोती आणि दागिने यांवर वस्तू व सेवा कर ३ टक्के आहे. एवढ्यासाठी पावती सोडल्यास तक्रारीचा आधारच नाहीसा होतो. पावतीवर दुकानाचे नाव, जीएसटी क्रमांक, मोत्याचा प्रकार, वजन आणि सोन्याची शुद्धता वेगवेगळी लिहून घ्यावी. वाद उद्भवल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

गर्दीच्या बाजारात मोठी रोकड बाळगण्यापेक्षा कार्ड किंवा यूपीआय अधिक सोयीचे ठरते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारे नाव दुकानदाराला वाचून दाखवावे आणि मगच पिन टाकावा. पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो, स्वीकारण्यासाठी कधीही लागत नाही. ‘परतावा देतो, पिन टाका’ असे कोणी सांगितल्यास ती फसवणूक समजावी. कार्डाने पैसे देताना यंत्रावरील रक्कम आधी वाचावी आणि कार्ड नजरेआड होऊ देऊ नये. प्रवासास निघण्यापूर्वी कार्डाची दैनंदिन मर्यादा आवश्यक तेवढीच ठेवावी. गैरव्यवहार झाल्याचे लक्षात येताच विलंब न लावता आपल्या बँकेस आणि १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर होतो, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी होते.

आणलेली वस्तू महागच असली पाहिजे असे नाही. लाखेच्या बांगड्यांचा एक जोड किंवा बिद्रीची छोटी डबीही घरच्यांना आनंद देते. ती अस्सल असावी, तिच्या कारागिराला योग्य मोबदला मिळालेला असावा आणि तिची पावती आपल्यापाशी असावी, एवढी दक्षता ग्राहकाने घेतली की पुरे.