काचेवरील सहीची पारख

कुरिअरने आलेले पार्सल घेताना, बँकेत खाते उघडताना किंवा विम्याचा अर्ज भरताना हल्ली पुष्कळ ठिकाणी कागद पुढे येत नाही. त्याऐवजी काचेची एक लहानशी पाटी पुढे येते आणि शाई नसलेल्या लेखणीने तिच्यावर सही करावयाची असते. व्यवहार क्षणात उरकतो. परंतु पुढे केव्हा तरी ‘ही सही माझी नव्हे’ असे कोणी म्हणाले, तर तिची पारख कशी करावयाची? सूक्ष्मदर्शकाखाली धरावा असा कागद तेथे नाही, शाईही नाही. तेव्हा अशी सही पुरावा म्हणून कुचकामाची, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. काचेवरील सही कधी कागदावरील सहीहून अधिक बोलकी असते, तर कधी अगदीच मुकी. ती बोलकी की मुकी, हे सही करतेवेळी काय जपून ठेवले यावर ठरते.

सही म्हणजे नावाचे चित्र नव्हे. वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताच्या अंगवळणी पडलेली ती एक हालचाल आहे. हस्ताक्षरतज्ज्ञ कागदावर त्या हालचालीच्या खुणा शोधतो. रेषा वेगाने ओढली की रेंगाळत, दाब कोठे पडला, लेखणी कोठे उचलली, एकमेकींस छेदणाऱ्या रेषांत आधीची कोणती, हे तो पाहतो. गिरवून काढलेल्या सहीत रेषा बहुधा थरथरती, टोके बोथट आणि दाब सर्वत्र सारखा आढळतो. वाटेवरच्या पावलांवरून माग काढणारा चालणाऱ्याची चाल ओळखतो, तसेच हे काम आहे.

सही टिपणारी चांगली पाटी मात्र ती चालच नोंदवून ठेवते. लेखणीचे टोक कोठे आहे, हे ती सेकंदाला शंभर-दोनशे वेळा टिपते आणि प्रत्येक बिंदूबरोबर वेळ व दाब यांचे आकडे लिहिते. काही पाट्या लेखणी किंचित वर उचललेली असतानाचा तिचा मार्गही टिपतात. कागदावर या मार्गाची खूण कधीच उरत नाही. या आकड्यांवरून तज्ज्ञाला वेगाचे व दाबाचे आलेख काढता येतात. दुसऱ्याची सही उतरविणाऱ्यास तिचा आकार दिसतो, ठेका दिसत नाही. आकार सांभाळावा तर हात मंदावतो; वेग साधावा तर आकार बिघडतो. अर्थात, पुष्कळ सराव केलेला लबाड दोहोंच्या जवळ पोचू शकतो. म्हणून एकाच लक्षणावरून निर्णय देणे योग्य नव्हे.

तंतोतंत जुळणारी सही म्हणजे खरी सही, हा आणखी एक लोकभ्रम. न्यू बेडफर्ड येथील सिल्व्हिया अ‍ॅन हाउलंड ही धनाढ्य अमेरिकन स्त्री १८६५ मध्ये वारली. तिच्या बहिणीची मुलगी हेटी रॉबिन्सन हिने मृत्युपत्राचे म्हणून एक जादा पान पुढे केले. त्यावरील सही मूळ मृत्युपत्रावरील सहीशी रेषेला रेष जुळत होती. हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पर्स व त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी सिल्व्हियाच्या ४२ सह्यांच्या ८६१ जोड्या ताडून पाहिल्या. प्रत्येक सहीत वरून खाली ओढलेले ३० फराटे होते. एकूण २५,८३० तुलनांपैकी ५,३२५ वेळा, म्हणजे सुमारे पाचांतून एकदा, फराटे जुळले. तेव्हा तीसही फराटे एकदम जुळण्याचा संभव जवळजवळ शून्य, असे पर्स यांनी न्यायालयास सांगितले. १८६८ मध्ये निकाल निराळ्याच कायदेशीर मुद्द्यावर लागला. शिवाय एकाच सहीतील फराटे परस्परांपासून स्वतंत्र मानल्याबद्दल त्या गणितावर पुढे टीकाही झाली. मूळ तत्त्व मात्र टिकले: एकाच माणसाच्या दोन सह्या हुबेहूब एकसारख्या नसतात. पाटीवरील दोन सह्यांचे शेकडो बिंदू वेळ व दाब यांसह जसेच्या तसे जुळले, तर दुसरी सही केलेली नसून पहिलीचीच नोंद पुन्हा वापरली, असा संशय बळावतो.

तुलना समानांची व्हावी, हेही तितकेच महत्त्वाचे. काच गुळगुळीत, चौकट अरुंद, सही करणारा पुष्कळदा उभा. बोटाने सही करावयाची असेल तर वळण आणखीच बदलते. म्हणून काचेवरील सही कागदावरील जुन्या सहीशी जुळली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. शक्य तेथे त्याच प्रकारच्या पाटीवर केलेले अनेक नमुने लागतात. पाटी कोणत्या बनावटीची, ती सेकंदाला किती बिंदू टिपते, दाब खरोखर मोजते काय, हेही तपासावे लागते. वार्धक्य व आजारपण यांचाही विचार करावा लागतो.

मुकी सही कोणती? जिचे केवळ चित्र राखले व आकडे टाकून दिले ती. अशा चित्रात वेग नाही, दाब नाही, शाईच्या खुणाही नाहीत. शिवाय ते कोणत्याही दस्तावर डकवता येते. पेशवाईत कागद एकास एक चिकटवून लांब दस्त करीत, तेव्हा सांध्यांवर पाठीमागून शिक्के उमटवीत आणि मजकूर संपला तेथे मोर्तब करीत. हेतू हा, की मधले पान बदलता येऊ नये व शेवटी ओळ वाढवता येऊ नये. आजच्या चांगल्या व्यवस्थेत हेच काम गणिती मुद्रा करते. सही व दस्त मिळून एक आकडा काढून ठेवतात. पुढे एक अक्षर जरी बदलले तरी तो आकडा जुळत नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये कलम ३९ हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मतास स्थान देते. कलम ६३ इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयी आहे. त्याखालील प्रमाणपत्रात असाच गणिती आकडा नमूद करावा लागतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील ‘डिजिटल सही’ मात्र अगदी निराळी. ती हाताने काढीत नाहीत. गुप्त किल्लीच्या साहाय्याने ती दस्तास जोडली जाते. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.

काचेवर सही करण्यापूर्वी आपण कोणत्या मजकुराखाली सही करीत आहोत, हे पाहावे आणि सही झालेल्या दस्ताची प्रत मागून घ्यावी. सह्या घेणाऱ्या संस्थांनीही केवळ चित्र न ठेवता मूळ नोंद जपावी. ती नोंद असेल, तर खोट्या सहीने नाडलेल्या वृद्धास आधार मिळतो, आणि केलेली सही नाकारणाऱ्याचे बोलणेही पारखता येते. ती नसेल, तर उत्तमातल्या उत्तम तज्ज्ञापुढेही नुसते चित्रच उरते.