रक्ताचे नाते आणि रक्ताचा गट

‘मृतवत्सा’ हा शब्द आपल्या जुन्या कोशांत आढळतो. जिची मुले जगत नाहीत ती मृतवत्सा. हा शब्द मी अनेक वर्षे वर्गात शिकविला. त्यातील अन्याय मात्र फार उशिरा ध्यानी आला. माझ्या थोरल्या बहिणीचे पहिले अपत्य सुखरूप वाढले. पुढची दोन जन्मतःच पिवळी पडून चार दिवसांत गेली. नवस झाले, शांती झाली, आणि अखेर दोष तिच्या कपाळी आला. साठीनंतर एका शस्त्रक्रियेच्या निमित्ताने तिचे रक्त आरएच निगेटिव्ह असल्याचे कळले. मेहुण्यांचे पॉझिटिव्ह होते. मुले बहुधा यामुळेच गेली असावीत, असे डॉक्टरांनी सांगितले. ताई एवढेच म्हणाली, “म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं तर.”

मी वैद्यकाचा माणूस नव्हे. पण त्या वाक्यापायी हा विषय वाचीत गेलो.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. तरीही ‘ओ’ला ‘ओ’ देऊन अपघात होतच. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लेव्हीन आणि स्टेट्सन यांनी असे एक उदाहरण नोंदविले : मृत अपत्य जन्मलेल्या एका स्त्रीला पतीचे, तिच्याच गटाचे रक्त दिले आणि ती अत्यवस्थ झाली. पित्याकडून गर्भात आलेल्या कोणत्या तरी घटकाविरुद्ध तिच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे तयार झाली होती. पुढे तो घटक आरएच म्हणून ओळखला गेला.

घडते ते असे. माता निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाचे थोडे रक्त मातेच्या रक्तात मिसळते. तिचे शरीर त्याला परके मानून प्रतिपिंडे घडविते. पहिले बाळ तोवर जन्मलेले असते, म्हणून ते सहसा वाचते. पुढच्या खेपेस ही प्रतिपिंडे वार ओलांडून गर्भाच्या तांबड्या पेशी फोडतात. १९६८ पासून वापरात आलेले अँटी-डी इंजेक्शन ही प्रतिपिंडे तयार होण्यापूर्वीच द्यावे लागते : साधारणतः अठ्ठाविसाव्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत. गर्भपातानंतरही त्याची गरज पडू शकते, हे घरोघरी विसरले जाते. हे औषध माणसाच्याच रक्तद्रवातून काढतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी २०१८ पर्यंत त्यासाठी ११७३ वेळा दान केले. २०२५ मध्ये ते निवर्तले.

आपल्याकडे पत्नीला रक्त हवे म्हटले की पती प्रथम बाही सरसावतो. भावना थोर खरी. परंतु पुढे अपत्य व्हावयाचे असेल तर ते टाळणेच इष्ट. पतीच्या रक्तातील इतर घटकांविरुद्धही तिच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात, आणि तेच घटक बाळात येण्याचा संभव असतो.

आणखी एक गट आपल्या मुंबईच्या नावाने जगभर ओळखला जातो. डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५२ साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ भासतो. परंतु ‘ओ’ रक्तातही असणारा एच हा घटक या व्यक्तींत नसतो, आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे असतात. त्यामुळे त्यांना ‘ओ’ रक्तदेखील घातक ठरते. ‘बॉम्बे’ गटाचेच लागते. भारतात सुमारे दहा हजारांत एक अशी ही माणसे. गर्भवतीच्या पेशींबरोबर तिचा रक्तद्रवही ‘ओ’ पेशींशी पडताळला, तर हा गट वेळीच उघड होतो, आणि दाते शोधण्यास प्रसूतीपूर्वी काही महिने हाती राहतात.