कणा आणि कष्ट (भाग ६) : टाके सुकले, चाल कधी येणार?

मागच्या भागात आपण कमरेचं कमीत कमी चिरफाडीचं ऑपरेशन पाहिलं. इंचभराचा छेद घ्यायचा, स्नायू न कापता बाजूला सारून नळी आत उतरवायची आणि नसेवर आलेला गादीचा तुकडा काढायचा. बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. त्यानंतर सुरतच्या पांडेसऱ्यातल्या घराघरांत एकच प्रश्न उरतो : कामावर कधी जाता येईल? इथली पाळी बारा-बारा तासांची, तीही उभ्यानं. माग असो की डाईंग मिल, पाय साथ देतील तरच हजेरी लागते.

छेद लहान म्हणजे चालही लवकर, असा अनेकांचा समज असतो. नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर हे तपासलं गेलं. काहींचं ऑपरेशन नळीतून झालं, काहींचं नेहमीच्या सूक्ष्मदर्शक पद्धतीनं. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर नळीवाले रुग्ण काही पुढे गेलेले नव्हते. त्यांची कंबरदुखी आणि पायदुखी किंचित जास्तच होती. छेद लहान असल्याचे फायदे आहेत, पण चाल ठरते ती दुसऱ्याच गोष्टींवर.

पहिली गोष्ट, नस किती काळ दबलेली होती. अमेरिकेतल्या ‘स्पोर्ट’ या मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांपेक्षा जास्त दुखणं अंगावर काढलेल्यांना उपचारांचा फायदा इतरांपेक्षा कमी झाला. आपल्याकडे आधी गोळी, मग इंजेक्शन, मग मालिश, मग पट्टा आणि शेवटी ‘आखाजीला गावी गेलो की बघू’. यात वर्ष निघून जातं. सायटिकाचे बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात, हेही तितकंच खरं. म्हणून घाई नको. पण तेवढ्या काळात उतार पडला नाही किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर थांबणं महागात पडतं.

दुसरी गोष्ट, ऑपरेशनच्या आधी पायात ताकद किती होती. ही तपासणी डोळ्यांनी पाहता येते. डॉक्टर रुग्णाला आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला सांगतात. ताकद कमी झालेली असेल तर टाचांवर चालताना एका पायाचा पंजा उचलला जात नाही. अंगठा वर करायला सांगितलं की तो जागचा हलत नाही. घरीही खूण दिसते : त्याच पायातली चप्पल निसटते, चालताना पाऊल फरशीवर फटकन आपटतं. कमरेच्या पाचव्या मणक्याजवळून निघणारी नस दबली की असं होतं. आतून तुटलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि कमरेपासून नडगीपर्यंतचं अंतर मोठं आहे. त्यामुळे पायातली कळ आधी जाते, ताकद हळूहळू येते आणि बधिरपणा बऱ्याचदा सर्वांत शेवटी ओसरतो. कळ गेली म्हणजे नस बरी झाली, असं धरून चालू नका.

तिसरी गोष्ट, शरीराची आधीची अवस्था. मधुमेह असेल तर नसा आधीच अशक्त असतात आणि जखमेत पू होण्याचा धोका वाढतो. तंबाखू, मावा, गुटखा, मिसरी, या सगळ्यांत निकोटिन असतं. स्क्रू बसवून मणके जोडले असतील तर निकोटिन हाड नीट जुळू देत नाही. वाढलेलं वजन आणि झिजलेले गुडघेही चाल अडवतात. वयस्कर कामगारांत अनेकदा कण्याची नळी अरुंद झालेली असते. असा माणूस ट्रॉली ढकलत मिलभर फिरतो, कारण पुढे वाकलं की नसांना जागा मिळते. मोकळ्या हातानं चालताना मात्र थोड्याच अंतरावर त्याला बसावं लागतं. ऑपरेशननंतर त्याची चाल सुधारते, पण गुडघे किंवा मधुमेह त्याला किती साथ देतात तेवढीच.

चौथी गोष्ट घरातली. ‘महिनाभर पलंगावरून उतरू नको’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण त्यानं स्नायू वाळतात आणि भीती पक्की होते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चालणं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. थोडं चालायचं, पण दिवसातून अनेकदा. गल्लीतले विजेचे खांब मोजा : आज दोन, चार दिवसांनी तीन. ओझं उचलणं आणि कमरेतून वाकणं मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंद. विश्रांतीसाठी नंदुरबार, अमळनेरकडे गावी जायचं असेल तर फेरतपासणीची तारीख आणि व्यायामाचा कागद सोबत न्या, नाहीतर व्यायाम उधन्याच्या फलाटावरच सुटतो.

आणि पाचवी, पगार. ईएसआयमध्ये नाव असलेल्या पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. ज्याचं नाव ठेकेदाराच्या वहीतच आहे, तो टाके निघताच कापडाचे ताके उचलायला उभा राहतो. पुन्हा गादी सरकण्याचा धोका अशा माणसाला कसा टाळता येणार? म्हणून ऑपरेशनच्या सहीआधी ईएसआयचं कार्ड तपासा आणि मिलच्या मास्तरांशी सुरुवातीच्या हलक्या कामाचं बोलून घ्या. फिजिओथेरपीइतकंच हेही उपचारात मोडतं.

लघवी अडली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पंजा अचानक लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच तासाला मजुरा गेटचं नवं सिव्हिल हॉस्पिटल किंवा स्मिमेर गाठा. ऑपरेशननंतर ताप, जखमेतून स्राव किंवा पोटरीला सूज आली तरीही लगेच दाखवा.

सर्जन नस मोकळी करून देतो. तिला वेळेवर त्याच्यापर्यंत नेणं आणि नंतर तिला सावरायला वेळ देणं, ही जबाबदारी रुग्णाची, घरच्यांची आणि काम देणाऱ्याचीही आहे.

(पुढील भागात : पुन्हा मागावर उभं राहताना – पहिल्या बारा आठवड्यांचे व्यायाम)