एका जागेचे दोन दावेदार : किक, बेस आणि साइडचेन

नृत्यसंगीताचा पाया ज्या दोन ध्वनींवर उभा असतो, त्या किक ड्रमच्या ठोक्याची आणि बेसच्या सुरावटीची बरीचशी ऊर्जा साधारण ४० ते १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४० ते १०० कंपने, एवढ्याच अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते. इतक्या खालचे आणि इतके जवळचे ध्वनी एकाच वेळी वाजले, तर कानाला ते वेगवेगळे करता येत नाहीत आणि मोठा ध्वनी लहानाला झाकून टाकतो. यालाच मास्किंग म्हणतात. शिवाय सारख्याच तीव्रतेच्या दोन लहरी नेमक्या जुळल्या, तर पातळी ६ डेसिबलने चढते आणि त्या उलट्या पडल्या, तर एकमेकींना पुसून टाकतात. त्यामुळे दोन्ही आवाज नुसते वाढवत नेले, की पाया भक्कम होण्याऐवजी गढूळ होतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे साइडचेन कॉम्प्रेशन. थ्रेशोल्ड या नावाने ठरवून दिलेल्या पातळीवर आवाज गेला, की कॉम्प्रेसर त्याला आपोआप दाबतो; किती दाबायचे ते रेशोवरून ठरते, आणि ४:१ या रेशोला थ्रेशोल्डच्या वर ४ डेसिबल चढलेला आवाज बाहेर पडताना १ डेसिबलच वर राहतो. एरवी कॉम्प्रेसर जो आवाज दाबायचा तोच ऐकत असतो. साइडचेनमध्ये मात्र त्याला ऐकवली जाते किक आणि दाबला जातो बेस, म्हणजे ठोका पडताच बेस क्षणभर मागे सरतो आणि लगेच परततो. रेडिओवर निवेदक बोलू लागला, की पार्श्वसंगीत आपसूक खाली उतरते, तेही याच तत्त्वावर.

खरे कौशल्य लागते ते रिलीज, म्हणजे दाब सुटण्याचा अवधी, ठरवताना. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंदांचेच अंतर असते, आणि बेसला तेवढ्यात पूर्ववत व्हायचे असते. अवधी लांबला, तर बेस सतत दबलेला राहून गाणे पोकळ वाटते. उलट तो फारच आखूड ठेवला, तर ५० हर्ट्झच्या किकचे एकेक कंपनच २० मिलिसेकंदांचे असल्याने कॉम्प्रेसर त्या कंपनांमागे धावू लागतो आणि बेस खरखरतो. आकडे दिशा दाखवतात, निवाडा कानाचाच.

जे तंत्र झाकून ठेवायचे, त्याचीच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच हाउस संगीताने शैली केली. डाफ्ट पंकचे २००० सालचे ‘वन मोअर टाइम’ किंवा एरिक प्रिड्झचे २००४ सालचे ‘कॉल ऑन मी’ ऐकताना बेसच नव्हे, तर भोवतालचा वाद्यमेळही प्रत्येक ठोक्यागणिक भात्यासारखा दबतो आणि फुलतो. या परिणामाला पंपिंग म्हणतात. काही निर्माते त्यासाठी श्रोत्याला ऐकू न येणारी, केवळ कॉम्प्रेसरला चाळवणारी मूक किकही योजतात. तो परिणाम हवा असेल तेव्हा शोभतो, परंतु नुसता समतोल साधायचा, तर बेस दोन-चार डेसिबल खाली येणे बहुधा पुरते.

किक आणि बेस मुळातच एकमेकांना न साजणारे निवडले असतील, तर साइडचेनने फारसे काही सुधारत नाही. आधी त्यांतला एक बदलणे बरे. आणि हा हिशेब मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर तपासू नये, कारण ५० हर्ट्झच्या आसपासचे त्यावर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.