हरभऱ्याच्या पानावरची आंब

पौषातली सकाळ, पारनेरकडचं शिवार. उभ्याने पाहिलं तर हरभरा म्हणजे नुसता हिरवा पट्टा. उकिडवं बसून मोबाइलला चिमट्याचं भिंग लावलं, की पानांवरच्या लवेच्या टोकाटोकाला काचेचे मणी दिसू लागतात. ते सगळंच दव नव्हे. या केसांना ग्रंथी असतात आणि त्यांतून मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. हीच आपली आंब. बोट लावून चाखा, दात आंबतील! जुनी माणसं रात्री पिकावर धडपं पसरायची आणि पहाटे पिळून घ्यायची, पोटदुखीवर औषध म्हणून.

बांधापलीकडच्या ज्वारीच्या पात्याच्या टोकावरचा थेंबही फसवा. पुष्कळदा ते मुळांनी रात्रीतून वर ढकललेलं पाणी असतं. खरं दव बाहेरून येतं. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडतं, हवेपेक्षा गार होतं आणि बाष्प त्यावर जमतं. आभाळ आलं, की दव नाही.

आणि थेंब स्वतःच भिंग असतो. त्याच्या मागे शेवंती धरा, आत ती उलटी दिसते. फोकस थेंबाच्या कडेवर नको, आतल्या फुलावर हवा. हे कळायला माझे दोन हिवाळे गेले. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोल, त्यामुळे श्वाससुद्धा रोखावा लागतो. उन्हं वर आली, की मणी गेले. मग गुडघ्यांचा चिखल झटकायचा आणि बांधावर चहा.