व्यसनमुक्तीतील संकल्प आणि त्याची भाषा

व्यसनमुक्तीचा विचार सामान्यतः वैद्यक, मानसशास्त्र आणि समाजकार्य या शास्त्रांच्या कक्षेत केला जातो. तथापि व्यसनातून बाहेर पडू पाहणारा मनुष्य आपले उद्दिष्ट प्रथम एखाद्या वाक्यात मांडतो, आणि त्या वाक्याची घडण कशी आहे यावर ते उद्दिष्ट पाळले जाण्याची शक्यता काही अंशी अवलंबून असते. या दृष्टीने भाषाभ्यासकासही या प्रश्नात लक्ष घालण्यास जागा आहे. निरोगी उद्दिष्टाची लक्षणे कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात मराठीतील काही प्रयोगांच्या आधारे करावयाचा आहे.

मराठीत व्यसन ‘लागते’ किंवा ‘जडते’. ‘त्याला दारूचे व्यसन लागले’ या वाक्यात कर्ता व्यसन आहे. मनुष्य चतुर्थीत, म्हणजे तहान-भूक लागणाऱ्याच्या जागी, उभा आहे. उलट ‘त्याने दारू सोडली’ या वाक्यात तो कर्ता होतो. आणि ‘त्याची दारू सुटली’ असे म्हणताच कर्तृत्व पुन्हा त्याच्याकडून निघून जाते. तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे यांप्रमाणेच सोडणे-सुटणे ही सकर्मक-अकर्मक जोडी होय. यातील ‘सुटणे’ हे फळ आहे व ‘सोडणे’ ही कृती आहे. ज्याने ‘माझी दारू सुटली पाहिजे’ असे उद्दिष्ट ठेवले, त्याने जे आपल्या हाती नाही तेच मागितले. उद्दिष्ट हे कृतीविषयी असावे, फळाविषयी असू नये, हे त्याचे पहिले लक्षण.

दुसरे लक्षण आपल्याच जिल्ह्यातील एका सुपरिचित उदाहरणावरून स्पष्ट होईल. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने ग्रामसुधारणेस आरंभ झाला. तेथील पंचसूत्री नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावानेही १९९० नंतरच्या काळात अंगीकारली. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही ती पाच सूत्रे. यांपैकी चार शब्द ‘बंदी’ने संपतात, केवळ पाचवा ‘दान’ने. चार सूत्रे काय करू नये ते सांगतात. काय करावे हे एकच सांगते. परंतु बांधबंदिस्ती, नालाबांध, वृक्षलागवड ही सारी कामे त्या एका सूत्राच्या आश्रयाने उभी राहिली. शेतीस पाणी मिळाल्याने लोकांच्या हातांना काम आले. भट्ट्या बंद झाल्याने रिकामी झालेली जागा अशा रीतीने दुसऱ्या कशाने तरी भरली गेली.

राळेगणमध्ये आरंभीच्या काळात दारू पिणाऱ्यास खांबास बांधून मारण्याचा उपायही योजिला गेला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. अशा दंडाने मनुष्य गावात पिण्यास भिईल. पण भय हे दुसऱ्याने लादलेले असते, आणि गावाची वेस ओलांडताच ते संपते. सामूहिक बंदीने प्रलोभन दूर होते, हा लाभ लहान नाही. व्यक्तीचे उद्दिष्ट मात्र तिच्यातून आपोआप निर्माण होत नाही. मानसशास्त्रात टाळण्याचे उद्दिष्ट आणि गाठण्याचे उद्दिष्ट असा भेद केला जातो, तो येथे उपयुक्त आहे. ‘पिणार नाही’ या निश्चयास ‘संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेईन’ अशा एखाद्या विधायक निश्चयाची जोड हवी.

तिसरे लक्षण निकटतेचे. बांडुरा आणि शुंक यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गणितात मागे पडलेल्या मुलांपैकी काहींना सात सत्रांत ४२ पाने पुरी करण्याचे, तर काहींना प्रत्येक सत्रात ६ पाने पुरी करण्याचे उद्दिष्ट सुचविले होते. बेरीज एकच, परंतु जवळचे उद्दिष्ट असलेल्या मुलांची प्रगती व आत्मविश्वास अधिक आढळला. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेत एका वेळी एकाच दिवसाचा निश्चय करण्याची जी रीत रूढ झाली, तिचे मर्म हेच. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या केंद्राने व्यसनमुक्तीचा विचार महाराष्ट्रात घरोघरी पोहोचविला. तेथील उपचारांतही आजच्या दिवसापुरत्या निश्चयास महत्त्वाचे स्थान आहे. ‘जन्मात पिणार नाही’ या वाक्याचा भार कोणासही पेलणार नाही. ‘आज पिणार नाही’ हे वाक्य पेलता येते, आणि उद्या पुन्हा उच्चारता येते.

चौथे लक्षण निश्चिततेचे. पूजेच्या आरंभी जो संकल्प सोडला जातो, त्यात स्थळ, काळ व करणाऱ्याचे नाव यांचा उच्चार असतो; मोघम संकल्प ही कल्पनाच त्या परंपरेस मान्य नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये जर-तर स्वरूपाच्या निश्चयांचे जे विवेचन केले, त्याचा रोख याच दिशेने आहे. साखर कारखान्यातील कामगाराने ‘संयम ठेवीन’ असे म्हणण्यापेक्षा ‘पगाराच्या दिवशी सोबत्यांनी बोलाविले, तर पैसे घरी देऊन मगच बाहेर पडेन’ असे ठरविणे अधिक फलदायी होय.

शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे व्यसन सोडताना शपथ घेण्याची वा माळ घालण्याची प्रथा आहे. तिच्या सामर्थ्याविषयी शंका नाही. अनेकांस तिने तारले आहे. परंतु शपथ ‘मोडते’, आणि मोडलेली वस्तू अखंड राहत नाही. एकदा पेला ओठास लागला की ‘आता मोडलीच आहे’ असे म्हणून मनुष्य पूर्ववत पिऊ लागतो. मार्लाट व गॉर्डन यांनी १९८५ च्या ग्रंथात या प्रवृत्तीचे विश्लेषण केले आहे. तिला आपण ‘नियमभंग-परिणाम’ म्हणू. एका घसरणीस समूळ पतन मानल्याने पतन ओढवते. यास्तव उद्दिष्टाची भाषा मोडण्याची नसून चालण्याची असावी. वाट चुकलेला मनुष्य परत वाटेवर येऊ शकतो. चूक लपविण्याऐवजी ती त्याच दिवशी विश्वासातील माणसास सांगणे, हेही उद्दिष्टाचेच अंग मानावे.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी थांबविल्यास कंप, झटके, भ्रम असे प्रकार उद्भवू शकतात व प्रसंगी ते प्राणावर बेततात. अशा माणसाचे पहिले उद्दिष्ट ‘आज सोडेन’ हे नसून ‘आज डॉक्टरांकडे जाईन’ हे असले पाहिजे.

सारांश, स्वतःच्या कृतीविषयीचे, विधायक, जवळचे, निश्चित आणि चुकीनंतरही टिकणारे असे उद्दिष्ट निरोगी होय. संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दास संकट असाही अर्थ आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’चे आठवे अधिकरण राज्यावर येणाऱ्या व्यसनांचाच, म्हणजे आपत्तींचा, विचार करते. आपत्तीत सापडलेल्यास आपण दूषण देत बसत नाही, पुढचे पाऊल कोठे टाकावे ते सांगतो. व्यसनी मनुष्याशी बोलताना शब्दाचा हा जुना अर्थ ध्यानी ठेवल्यास आपली भाषाही त्याच्या उपयोगी पडेल.