जाळ्याची राखण (लेखांक ८) : अपडेट दहा हजार संगणकांपर्यंत

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक गंभीर फट बुजवणारा पॅच दिला. १२ मे रोजी वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर त्याच फटीतून जगभर पसरलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ ट्रस्ट होते, त्यांतल्या किमान ८० ट्रस्टना फटका बसला आणि हजारो रुग्णांच्या तपासण्या, शस्त्रक्रिया पुढे गेल्या. पॅच येऊन जवळपास दोन महिने झाले होते. तो त्या संगणकांवर चढलेला नव्हता, एवढंच.

पॅच तयार कसा होतो ते आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. तो पोहोचवणं मला तितकंच अवघड काम वाटतं. हिशेबच करून पाहा. संस्थेत १०,००० संगणक आहेत, अपडेट ३०० एमबीचं आहे आणि इंटरनेटची लाइन १०० एमबीपीएसची. प्रत्येक संगणक ते थेट कंपनीकडून उतरवू लागला, तर ती लाइन दुसरं काहीही न करता साधारण ६७ तास तुंबून राहील. एकाच सर्व्हरने ते एकदा उतरवलं, तर २४ सेकंद पुरतात. पुढचं वाटप आतल्या लॅनवरून होतं आणि तिथे वेगाची ददात नसते.

रेशनचं धान्य गोदामातून तालुक्याला आणि तिथून गावच्या दुकानात जातं, तशीच ही रचना. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएसयूएस या व्यवस्थेत मुख्यालयाचा सर्व्हर अपडेट आणतो, शाखांचे सर्व्हर त्याच्याकडून घेतात. २ एमबीपीएसच्या लाइनवर बसलेल्या, ४० संगणकांच्या शाखेला याचं मोल विचारा: १३ तासांचं काम २० मिनिटांत होतं. सर्व्हर ठेवण्याइतकी शाखा मोठी नसेल, तर विंडोज १० पासून शेजारचे संगणकच एकमेकांना तुकडे पुरवू शकतात. अँटिव्हायरसच्या बाबतीत आणखी एक सोय असते. क्लॅमएव्हीसारखं सॉफ्टवेअर रोज व्हायरसच्या खुणांची अख्खी यादी न आणता कालपासून बदललेला भागच आणतं. शिवाय सगळ्यांनी सकाळी दहालाच मागणी करू नये म्हणून वेळा मुद्दाम विखुरलेल्या ठेवतात.

इथवरचं सगळं गणित आहे. खरा पेच वेगळाच आहे: पोहोचवलेलं अपडेटच सदोष निघालं तर?

१९ जुलै २०२४. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक छोटी फाइल ग्राहकांच्या संगणकांवर पाठवली. फाइल सदोष होती. ७८ मिनिटांत कंपनीने ती मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले होते. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. कोसळलेला संगणक नीट सुरूच होत नव्हता, मग सुधारित फाइल तो घेणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. अनेक ग्राहकांनी काळजीपोटी 'एक आवृत्ती मागे राहू' असं ठरवून ठेवलं होतं. पण ती सोय मुख्य सॉफ्टवेअरपुरती होती, अशा फाइलींना ती लागूच नव्हती.

म्हणून वाटप टप्प्याटप्प्याने करायचं. आधी आयटी विभागाची यंत्रं, मग प्रत्येक विभागातली मोजकी, मग उरलेली. टप्प्यांत अंतर किती ठेवायचं? आपोआप पसरणाऱ्या हल्ल्याची फट असेल, तर माझ्या मते सगळे टप्पे काही दिवसांत संपले पाहिजेत. महिनाभर चाचणी करत बसलं, तर वॉनाक्रायसारख्या हल्ल्याला मोकळं रान मिळतं. रोजच्या व्हायरस-याद्यांसाठी काही तास पुरेत, पण शून्य तास नकोत.

वाटपाचा मार्गच शत्रूच्या हाती गेला तर काय होतं, हेही २०१७ मध्येच दिसलं. युक्रेनमधल्या एमईडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हे विध्वंसक सॉफ्टवेअर आत शिरलं. २७ जूनच्या त्या हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि तिच्या समूहाकडे असलेलं आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही अडकलं. नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांवरही पसरत होतं, त्यामुळे पॅच केलेली यंत्रंही वाचली नाहीत. अपडेट शेजाऱ्याकडून आलेलं असो वा मुख्यालयातून, त्यावरची डिजिटल सही प्रत्येक संगणकाने स्वतः तपासायलाच हवी. आणि कंपनीच्या घरातच चोर शिरला, तर सहीही खोटं बोलू शकते. त्या वेळीही नुकसान आवरतं ते टप्प्यांमुळेच.

शेवटी उरतात ती न सापडणारी यंत्रं: दौऱ्यावरचा लॅपटॉप, डिस्क भरलेला जुना पीसी, अपडेट घेऊनही रीस्टार्ट न केलेला काउंटरवरचा संगणक. त्या काउंटरच्या संगणकावर नोंद 'झालं' अशी दिसते, पण फट उघडीच असते. तुमच्या कार्यालयात अपडेटचा अहवाल येत असेल, तर टक्केवारीवर थांबू नका. राहिलेल्या यंत्रांची नावानिशी यादी मागा आणि प्रत्येक नावापुढे जबाबदार माणूस लिहून घ्या.